नापास डब्यातलं दूध

सूनबाईने डब्याचं झाकण उघडलं, आत हात घातला, आणि तो तसाच आत ठेवून ती समोरच्या संशोधक बाईंकडे पाहत राहिली. हात गारठायला हवा होता. तो नुसता ओला झाला.

“बर्फाचं पाणी झालंय,” बाई म्हणाल्या. “दुसरा बघा, तिसरा बघा. सगळे एकाच माळेचे मणी.”

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर पत्र्याचे डबे ओळीने मांडले होते. कडा अशा सरळ की फूटपट्टी लावून घ्यावी, सांधे असे बेमालूम की नखाला लागू नयेत. टेबलाच्या टोकाला बाईंनी स्वतः जोडलेला नमुन्याचा डबा होता. तो दिसायला अगदीच ओबडधोबड, एका बाजूला चक्क चिकटपट्टी लावलेला. पण त्यातला बर्फ अजून खडखडत होता.

डोंगरातल्या दवाखान्यांपर्यंत लस गार ठेवून न्यायची, म्हणून हा डबा. त्यातली सगळी करामत भिंतीत होती. बाईंनी उमेदीची वर्षं घालवून एक बारीक भुकटी शोधली होती. तिची पातळ पाटी दाबायची, ती चांदीसारख्या चकचकीत पिशवीत भरायची आणि आतली हवा पार ओढून घ्यायची. मग बोटाएवढ्या जाडीची ती वस्तू विटेसारखी कडक व्हायची आणि थंडीला आतून हलू द्यायची नाही. कारखान्यात तिला सगळे ‘उशी’ म्हणायचे. ही उशी प्रयोगशाळेतून सासऱ्यांच्या कारखान्यात नेऊन रुजवायची, हा सूनबाईच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प होता. नवोपक्रम व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान हस्तांतर. एवढं लांबलचक नाव घरात कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. सासूबाईंनी त्याचं सुटसुटीत भाषांतर करून टाकलं होतं, “आमची सून इकडचं तिकडे करायला शिकते.”

“तुमच्याकडून निघताना तरी हे चांगले असतात का?” बाईंनी विचारलं.

“बाबा स्वतः तपासतात. रात्रभर बर्फ ठेवतात. सकाळी तो शाबूत असेल तरच डबा पास.”

“मग वाटेत यांच्यात भूत शिरतं म्हणायचं.” बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या रागावल्या नव्हत्या, आणि म्हणूनच सूनबाईला जास्त लागलं. “हे बघा, गुरुवारी आढावा आहे. पलीकडच्या मोठ्या कारखान्याने दोनदा विचारून झालंय. मला तुमच्या मिस्त्रींचं काम आवडतं, खोटं कशाला बोलू? पण लस कुणाच्या आवडीनिवडीसाठी थांबत नाही.”

सूनबाईने दोन डबे काखोटीला मारले आणि ती निघाली.

कारखाना म्हणजे घराचाच तळमजला. वर संसार, खाली पत्रा. रस्त्यावरून येतानाच हातोडीचा आवाज ऐकू यायचा आणि त्या आवाजावरून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मूड कळायचा. आज तो एकसारखा, निवांत चालला होता. तिने डबे बाकावर ठेवले आणि आवाज थांबला.

“परत आले?”

“हो. सगळेच, बाबा.”

बाबांनी एक डबा उचलला, उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला. ही त्यांची जुनी सवय. परक्या घरी पाहुणे म्हणून गेले, तरी तिथला पत्र्याचा डबा हळूच तिरका करून तळ बघायचे. तिथे ठसा सापडला, की मग चहा बिनसाखरेचा असला तरी चालायचा. ठसा म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली ओळीत तीन टिंबं. पहिलं त्यांच्या आजोबांचं, दुसरं वडिलांचं, तिसरं त्यांचं. ज्याचा शब्द कारखान्यात शेवटचा, त्याचं टिंब. डबा पूर्ण तयार झाला, रात्रभराच्या परीक्षेतून पार पडला, की सकाळी हातपाय धुऊन, क्षणभर डोळे मिटून, बाबा त्याच्या तळावर ठसा धरायचे आणि एकच घाव घालायचे. दुसरा घाव नाही. कुठे ओरखडा असला, झाकण कुरकुरलं, सांध्याचा डाग जरा सांडलेला दिसला, तर डबा नापास. नापासाला ठसा नाही आणि त्याला दाराबाहेर जायची परवानगीही नाही.

“इथे बर्फ टिकतो. तिथे टिकत नाही,” बाबा म्हणाले. “मग थंडी गेली कुठे? तुझ्या त्या बर्फवाल्या बाईंनी खाल्ली?”

“बाबा, त्यांचा स्वतःचा नमुना अजून गार आहे.”

“तो चिकटपट्टीवाला?” बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देवळात चपला घालून पाऊल टाकलं होतं. “त्या डब्याला मी आमच्या दारात उभा करणार नाही.”

“दारात उभा करू नका, पण त्याला थंडी धरता येते ना,” जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला. त्या चहा घेऊन उतरत होत्या. “अहो, गुण बघावेत, तोंड काय बघायचं? तसं असतं तर माझ्या वडिलांनी तुम्हाला मुलगी दिली असती का?”

बाबा हसले नाहीत, पण त्यांनी चहा घेतला. हे त्यांचं हसणंच होतं.

“आणि तुमचं तिसरं टिंब तरी कुणाला पुढे न्यायचंय?” सासूबाई पायरीवर टेकल्या. “चौथं तर पाण्यात बुडालं.”

हा टोमणा सूनबाईच्या नवऱ्याला. तो तलावावर पोहायला शिकवायचा. लोखंडाशी त्याचं कधी जमलं नाही. लहानपणी हातोडी दिली की तो ती पाण्यात टाकून किती वेळात बुडते ते बघायचा. माणूस लाखात एक, पण पत्र्याच्या बाबतीत शून्य. हे त्यालाही मान्य होतं, बाबांनाही. टोमणा घरात इतका मुरला होता की आता तो कुणाला बोचतही नसे.

सूनबाई कामाला लागली. वर्गात तिच्यासोबत शिकणारी मुलं तिच्याहून पुष्कळ लहान. ती तिला ताई म्हणायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचीच टिपणं मागायची. पहिल्याच तासाला मार्गदर्शक सर म्हणाले होते, “हस्तांतर म्हणजे कागद देणं नव्हे. देणाऱ्याला जे सांगायचं सुचत नाही आणि घेणाऱ्याला जे विचारायचं सुचत नाही, तिथे सगळं फसतं.” वाक्य तिला आवडलं होतं. तिने ते घरी येऊन बाबांना सांगितलंही होतं. बाबा म्हणाले होते, “म्हणजे लग्नासारखंच की.” पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलताना तेच वाक्य त्यांनी आपलं म्हणून ठोकून दिलं आणि वर जोडलं, “आमची सून शिकते ना कॉलेजात.” ती जिन्याआड उभी होती. तिने न ऐकल्यासारखं केलं आणि दिवसभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

आता तिने एकेक पायरी पुन्हा तपासली. पत्रा कापणं, वाकवणं, उशी बसवणं, सांधा, झाकण, रबर. वाहतुकीत हिसके बसतात का, म्हणून ती टेम्पोत मागे डब्यांशेजारी बसून गेली आणि अंग आंबवून परत आली. काही सापडलं नाही. कारखान्यातून निघताना डबा ठणठणीत, प्रयोगशाळेत पोचल्यावर दोन दिवसांत त्याचा जीव गेलेला.

बुधवारी दुपारी ती जेवायला वर गेली. सासूबाईंनी ओट्याखालून एक डबा ओढला आणि त्यातून दुधाचं भांडं काढलं. भांड्याच्या अंगाला दव सुटलं होतं.

“आई, हा डबा कुठला?”

“खालचाच. तुझ्या बाबांनी झाकण कुरकुरतं म्हणून नापास केला. मी म्हटलं, कुरकुरू दे, या घरात कोण कुरकुरत नाही? उचलून आणला वर.”

“बर्फ कधी घातला होता?”

“परवा. का गं?”

सूनबाईने भांडं बाजूला ठेवलं आणि आत हात घातला. बोटं झटक्यात गारठली. परवाचा बर्फ कोपऱ्यात अजून शिल्लक होता.

“आणखी आहेत असे?”

“एक माझ्या डोळ्यांच्या औषधाला. एक पोराने नेलाय तलावावर, मुलांना पाणी प्यायला. तो म्हणतो बाबांचे नापास डबे झकास आहेत. बाबांसमोर म्हणत नाही एवढंच.”

सूनबाईने घास तसाच ठेवला. ती खाली गेली. कारखान्यात दुपारची सामसूम होती. बाबा मागच्या खोलीत पाठ टेकून पडले होते. तिने परत आलेला एक डबा उलटा केला. मग नापासांपैकी एक उलटा केला. पुन्हा पहिला. कितीदा तरी ती तळ बघत राहिली. शेवटी तिने पास झालेल्या डब्याचा तळ सांध्यापासून हलकेच उचकटला.

आतली उशी विटेसारखी कडक नव्हती. ती सैल पडली होती, जुन्या हातमोज्यासारखी. तिने पिशवी उजेडापुढे धरली. चांदीच्या पापुद्र्यावर, ओळीत, तीन बारीक भोकं होती.

जुने डबे जाड पत्र्याचे असायचे. त्यांना ठशाचं काही वाटत नसे. या नव्या डब्याचा पत्रा पातळ, वजनाला हलका, कारण तो पाठीवर घेऊन डोंगर चढायचा होता. पातळ पत्रा तिनेच डबा बनवायच्या नकाशात लिहिला होता. टिंब उमटलं की आतल्या बाजूला त्याचं टोक निघायचं, उशीला सुईसारखं टोचायचं, आणि मग हवा हळूहळू आत शिरायची. बाबांची परीक्षा घावाआधी व्हायची. घावानंतर कुणी कशाला तपासेल? घाव पडला म्हणजेच काम झालं.

जे त्यांना पसंत पडले तेवढेच मेले होते. नाकारलेले जगले होते.

तिने तळ होता तसा बसवला. मागच्या खोलीत बाबा खाकरले. तिला वाटलं, आत्ता जाऊन सांगावं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. बाबा उठून बसले होते आणि मऊ फडक्याने ठसा पुसत होते, माणूस चष्मा पुसतो तसा, न बघता, सवयीने.

“काही हवंय?”

“नाही बाबा. उद्या ठेवणीतला शर्ट घाला. मी इस्त्री करून ठेवते.”

गुरुवारी बैठकीच्या खोलीत सर होते, संशोधक बाई होत्या, दवाखान्यांच्या बाजूचे एक गृहस्थ होते, आणि भिंतीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून, बाबा. कडक इस्त्रीत ते जरा अवघडले होते. त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता. तो काचेचा होता, त्यामुळे उलटा करून बघण्यासारखं काही नव्हतं.

“थोडक्यात सांगा,” सर म्हणाले. “हस्तांतर कुठे फसलं?”

सूनबाई उभी राहिली. रात्री तिने बोलायचं सगळं मनात घोळवून ठेवलं होतं.

“नकाशा अपुरा होता,” ती म्हणाली. “नकाशा माझा आहे. मी कारखान्यातलं प्रत्येक काम विचारून विचारून लिहून घेतलं. एक प्रश्न विचारला नाही. काम संपलं, हे तुम्ही कशावरून ठरवता, हा. त्यामुळे शेवटचं काम नकाशात आलंच नाही, आणि त्याला जागाही ठेवली गेली नाही.”

“शेवटचं काम म्हणजे कोणतं?” बाईंनी विचारलं.

सूनबाई थांबली. इथवरचं तिने ठरवलं होतं. इथून पुढचं ती कितीदा ठरवायला गेली आणि कितीदा परत फिरली होती. खोलीतला पंखा कुरकुरत होता.

“माझा ठसा,” भिंतीकडून आवाज आला.

बाबा उभे राहिले होते.

“पास झालेल्या डब्यावर मी ठसा मारतो. तळावर. तिथेच उशी असते.” ते सावकाश बोलत होते, एखादं वजन उतरवावं तसं. “हिने मला सांगितलेलं नाही. पण काल दुपारी ही डबे उलटेपालटे करत होती, आणि मग मला इस्त्रीचं सांगायला आली. माझी सून इस्त्रीचं सांगायला दारापर्यंत येऊन अशी उभी राहत नाही. ही गेल्यावर मी तोच डबा उघडला. मला डोळे आहेत.” मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. “तुमची वस्तू खोटी नव्हती. आम्ही लाडाने चिमटा काढला, त्यात ती गेली.”

दवाखान्यांचे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे चूक मिस्त्रींची.”

“नाही,” सूनबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सरांनी मान वर करून पाहिलं. “ज्याने काम केलं, तो खाली आपली खूण ठेवणारच. ठेवू नये असा माणूस मला कारखान्यात नकोच. त्या खुणेला जागा ठेवणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. आता करीन.”

बाईंनी समोरचा डबा उलटा केला. तळावरची रेघ आणि टिंबं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“माझ्या नमुन्यावर मी कसलीच खूण केली नव्हती,” त्या म्हणाल्या. “चिकटपट्टी सोडून.” मग सरांकडे वळून, “मला हा कारखाना हवा आहे. नवे डबे येऊ द्या. ठशाशिवाय.”

परतीच्या वाटेवर बाबा दोन पावलं पुढे चालत होते. सूनबाईने एकदा “बाबा” म्हणून हाक मारली. ते थांबले, तिची पिशवी घेतली, आणि पुन्हा चालू लागले.

नवे डबे तयार झाले. रात्रभर बर्फ, सकाळी तपासणी, मग पास झालेल्यावर नुसती खडूची खूण, जी टेम्पोत चढेपर्यंत पुसून जायची. प्रयोगशाळेतून निरोप आला: एकही डबा तापला नाही. मग डोंगरातून निरोप आला. तिथल्या दवाखान्याची परिचारिका म्हणाली होती, चढ चढून पोचले, झाकण उघडलं, आणि हात आत घालवेना इतकं गार. सरांनी सूनबाईला वर्गापुढे उभं केलं, मुलांनी बाकं बडवली. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, “केलंस बाई इकडचं तिकडे.”

बाबा म्हणाले, “बरं झालं.” आणि हात धुवायला गेले.

हातोडीचा आवाज आता बरोबर होता, पण शेवटी जो एक घाव पडायचा आणि मग शांतता व्हायची, तो नव्हता. सूनबाईला सकाळी सकाळी जिन्यात त्या आवाजाची वाट बघत थांबायची सवय लागली. तिने नकाशा पुन्हा काढला. झाकणाच्या कडीखाली एक जाड पितळी पट्टी बसायची. ती आधी सुटी असते, मागून जोडतात, तिच्यामागे उशी नसते. तिथे तिने पेन्सिलीने एक छोटा चौकोन आखला, बाजूला लिहिलं, ‘खुणेची जागा’, आणि तो कागद बाबांच्या ऐरणीवर ठेवून ती वर निघून गेली.

एक दिवस गेला. दुसरा गेला. कागद ऐरणीवरून नाहीसा झाला. बाबा मागच्या खोलीत कानस घेऊन बसू लागले. दार लोटलेलं असायचं.

“काय चाललंय हो आत?” सासूबाईंनी विचारलं.

“कुरकुरणाऱ्यांना नापास करतोय,” आतून उत्तर आलं.

मग एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली. सूनबाई ओले हात पुसत उतरली. ऐरणीवर पितळी पट्टी ठेवलेली होती. बाबांनी हातपाय धुतलेले होते, केस नीट विंचरलेले. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, उघडले, आणि हातोडी तिच्यापुढे धरली.

“मी?”

“नकाशा कुणाचा आहे?”

“पण बाबा, मला एका घावात...”

“एकाच घावात. दुसरा नाही.” त्यांनी ठसा पट्टीवर टेकवला आणि दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला. त्यांची बोटं तिच्या हातोडीच्या अगदी वाटेत होती. ती त्यांनी हलवली नाहीत.

सूनबाईने श्वास घेतला आणि घाव घातला. आवाज साऱ्या घरभर गेला.

बाबांनी ठसा उचलला, पट्टीवर फुंकर मारली. “जरा तिरका आला,” ते म्हणाले. “राहू दे. माझा पहिला याहून तिरका होता.”

तिने पट्टी उजेडाकडे धरली. वर रेघ. तिच्याखाली तिने अंगठा फिरवला, बाबा फिरवायचे तसा. एक. दोन. तीन. अंगठा आता थांबायला हवा होता. तो पुढे सरकला, आणि तिथे ताज्या, धारदार कडेला लागून अडला.

चहाचा ट्रे घेऊन सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“काय हो,” त्या म्हणाल्या, “बुडालेलं वर आलं वाटतं?”

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरी पट्टी ऐरणीवर ठेवली, फडक्याने पुसली, ठसा टेकवला.

“बघत काय राहिलीस?” ते सूनबाईला म्हणाले. “टेम्पो यायची वेळ झाली. मार.”